हुंडा, वारा आणि तेल

लग्न ठरायला चार वर्षं लागली, लागायला एक दिवस पुरला, आणि नवरी सासरी पोचायला आठ महिने गेले. डेन्मार्कची राजकन्या ॲना आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा यांच्या विवाहाचा हा हिशेब. २० ऑगस्ट १५८९ रोजी डेन्मार्कमधल्या क्रोनबोर्गच्या किल्ल्यात नवरदेवाच्या गैरहजेरीत लग्न लागलं आणि १ मे १५९० रोजी ॲनाने एडिनबराचं बंदर असलेल्या लीथच्या धक्क्यावर पाऊल ठेवलं. मधल्या महिन्यांत वादळ, गळकं जहाज, नॉर्वेतला हिवाळा हे सगळं आलं. या लग्नाची गोष्ट सहसा वादळापासून सांगतात, कारण त्यात राजा स्वतः समुद्रात उडी घेतो आणि पुढे चेटकिणी येतात. माझ्या मते ती देण्याघेण्याच्या बैठकीपासून सांगायला हवी. ताफा चुकीच्या ऋतूत समुद्रात गेला तो बैठक लांबल्यामुळे, आणि बैठक लांबली ती मुख्यतः एका जुन्या हुंड्यामुळे.

तो जुना हुंडा १२० वर्षांपूर्वीचा. १४६८ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा क्रिस्तियान पहिला याने आपली मुलगी मार्गारेट स्कॉटलंडच्या जेम्स तिसऱ्याला द्यायचं ठरवलं. हुंडा ६०,००० ऱ्हेनिश फ्लोरिन, म्हणजे तेव्हाची सोन्याची नाणी. त्यातले १०,००० रोख द्यायचे आणि उरलेल्या ५०,००० साठी नॉर्वेच्या मालकीची ऑर्कनी बेटं तारण ठेवायची, असा करार झाला. पुढच्या वर्षी नवरी निघायची वेळ आली तेव्हा क्रिस्तियानकडे जेमतेम २,००० फ्लोरिन जमले होते. मग उरलेल्या ८,००० साठी शेटलंडही तारणात गेलं. पैसे कधीच फेडले गेले नाहीत. बेटं स्कॉटलंडकडे राहिली, पण डॅनिश दरबाराच्या दृष्टीने ती गहाण होती, विकलेली नव्हती, आणि गहाण वस्तू पैसे दिले की परत मिळायला हवी. १५८५ च्या उन्हाळ्यात ॲनाचा बाप, डेन्मार्कचा राजा फ्रेडरिक दुसरा, याचे वकील स्कॉटलंडला आले ते उघडपणे हीच मागणी घेऊन. मुलींच्या स्थळाची गोष्ट त्या मागणीच्या आडून निघाली.

हुंड्यात बेटं जाणं आपल्याला नवं नाही. १६६१ च्या तहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण दिली. हा चार्ल्स म्हणजे याच जेम्स आणि ॲनाचा नातू. तिथेही करारातली मुंबई आणि समुद्रातली मुंबई यांचा मेळ बसला नाही. इंग्रजांना वाटत होतं साष्टी-ठाणेसुद्धा आंदणात आहे, पोर्तुगीज म्हणत होते फक्त बेट. ताबा मिळायला १६६५ चा फेब्रुवारी उजाडला, आणि १६६८ मध्ये चार्ल्सने ते बेट वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकलं. राजघराण्यांच्या लग्नात जमीन लिहून देणं सोपं असतं. सीमा कुठवर आणि ताबा कधी, हे त्याच कागदात लिहिलं नाही तर पुढच्या पिढ्या भांडत बसतात.

जेम्सला लग्नाची घाई का होती, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याचं वय २३, बाप तो तान्हा असतानाच मारला गेलेला, आई मेरी १५८७ मध्ये इंग्लंडमध्ये शिरच्छेद होऊन गेलेली, भाऊ नाही, बहीण नाही, मूल नाही. इंग्लंडच्या एलिझाबेथनंतर गादीवर हक्क सांगायचा तर मागे वारस हवा. स्थळं दोन होती. एक नव्हारच्या हेन्रीची बहीण कॅथरीन, फ्रान्समधली, प्रॉटेस्टंटांतल्या कॅल्व्हिनच्या पंथाची, म्हणजे धर्माने जेम्सच्या अगदी जवळची, पण त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी आणि भाऊ युद्धात गुंतल्यामुळे हुंड्याची आशा नाही. दुसरं डेन्मार्कचं. एलिझाबेथचा कल कॅथरीनकडे होता, आणि जेम्सचा चान्सलर, म्हणजे मुख्य मंत्री, जॉन मेटलंड हाही डॅनिश संबंधाच्या विरोधात होता. एडिनबराच्या व्यापाऱ्यांना मात्र डेन्मार्क हवं होतं, आणि त्यांचं कारण भक्कम होतं.

बाल्टिक समुद्रात जायचं तर एरसुंडच्या सामुद्रधुनीतून जावं लागे, आणि तिच्या चिंचोळ्या टोकावर क्रोनबोर्ग उभा होता. प्रत्येक परक्या जहाजाने तिथे नांगर टाकून जकात भरायची. स्कॉटलंडला लाकूड, डांबर, दोरखंडांचा धागा, दुष्काळात धान्य, सगळं याच वाटेने येई. डेन्मार्कचा राजा व्याही झाला तर जकातीत सवलत मिळेल आणि अडवणूक कमी होईल, ही त्यांची साधी अपेक्षा होती. १५८९ च्या वसंतात एडिनबराचे कारागीर या लग्नासाठी रस्त्यावर उतरले आणि त्यांनी मेटलंडला धमक्या दिल्या. जेम्सची त्यांना आतून फूस होती, असं तेव्हाच बोललं गेलं. जेम्स मेलव्हिल हा दरबारी आपल्या आठवणींत सांगतो की राजाने दोन्ही तसबिरी समोर ठेवून पंधरा दिवस विचार आणि प्रार्थना केली आणि मग डेन्मार्क ठरवलं.

तोवर डेन्मार्ककडची परिस्थिती बदलली होती. थोरली मुलगी एलिझाबेथ हिच्यासाठी बोलणी सुरू झाली होती, पण स्कॉटलंडकडून उत्तर वेळेवर आलं नाही म्हणून तिचं ब्राउनश्वाइगच्या ड्यूकशी ठरलं. उरली ॲना, जन्म १२ डिसेंबर १५७४. मग ४ एप्रिल १५८८ रोजी फ्रेडरिक दुसरा वारला. मुलगा क्रिस्तियान अजून अकरा वर्षांचाही नव्हता, त्यामुळे कारभार चार सरदारांच्या मंडळाकडे गेला. चान्सलर नील्स कास, दर्यासारंग पेडर मुंक, यर्गेन रोसेनक्रान्त्स आणि खजिनदार क्रिस्तोफर वाल्केनडोर्फ. राजाच्या नावाने कारभार करणारं मंडळ देण्याघेण्यात राजापेक्षा कडक असतं, कारण गादीवरचा मुलगा मोठा झाला की प्रत्येक नाण्याचा जाब विचारणार असतो.

१५८९ च्या जूनमध्ये जॉर्ज कीथ (अर्ल मारिशल हा त्याचा सरदारी किताब) स्कॉटलंडचा वकील म्हणून निघाला तेव्हा त्याच्या खिशातली यादी मोठी होती. दहा लाख स्कॉटिश पौंड हुंडा, ऑर्कनी-शेटलंडवरचा हक्क कायमचा सोडणं, स्कॉटिश व्यापाऱ्यांना सवलती, आणि जेम्सवर युद्धाची वेळ आली तर सैन्य. डॅनिश मंडळाने यादी वाचली आणि ७५,००० डालर (चांदीची नाणी) देऊ केले. स्कॉटिश पौंड तोवर इंग्लिश पौंडाच्या मानाने बराच घसरला होता, तरीही ही रक्कम मागणीच्या जवळपास पोचत नव्हती. ऑर्कनीबद्दल मंडळाने सांगितलं की राजा अज्ञान आहे, त्याचा हक्क सोडायचा अधिकार आम्हाला नाही. शेवटी एक वाट निघाली. क्रिस्तियान सज्ञान होईपर्यंत डेन्मार्कने बेटांचा विषय काढायचा नाही. हक्क सोडलाही नाही आणि मागितलाही नाही. अशी वाक्यं लिहायला महिने लागतात, आणि सगळी बैठक त्यांच्यावर टिकते. जेम्सने अखेर सगळ्या मागण्या मागे घेतल्या. मी काही व्यापारी नाही, वधूची किंमत करायला बसलेलो नाही, असा त्याचा सूर होता. हाच शहाणपणा मे महिन्यात सुचला असता तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

करारात हुंड्याखेरीज तीन गोष्टी असत, आणि वधूपक्ष त्यांवरच जास्त जोर देई. पहिली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायची जमीन. तिचं उत्पन्न राणीचं स्वतःचं, राजाच्या खजिन्यात न जाणारं. दुसरी, नवरा आधी गेला तर विधवेला राहायला वाडा आणि पोटाला गावं. ॲनासाठी यात फॉकलंड आणि लिनलिथगोचे राजवाडे आणि त्यांच्या जमिनी आल्या. तिसरी गोष्ट धर्म. तिने स्वतःचा धर्मगुरू बरोबर न्यायचा, तिच्या पद्धतीने उपासना करायची, आणि त्या धर्मगुरूचा खर्च सासरने करायचा.

दोन्ही घरं प्रॉटेस्टंट असताना या तिसऱ्या कलमाची गरज काय, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटेल. पण डेन्मार्क १५३६ पासून लुथरचं आणि स्कॉटलंड १५६० पासून कॅल्व्हिनचं, आणि त्या काळात हे अंतर खूप होतं. डॅनिश चर्चमध्ये वेदी होती, मेणबत्त्या होत्या, पुरोहिताचा पेहराव होता, बिशपचं काम करणारे अधिकारी होते. स्कॉटलंडच्या चर्चने यातलं बहुतेक काढून टाकलं होतं. सगळ्यात मोठं भांडण प्रभूभोजनाच्या भाकरीवरून. लुथरपंथी म्हणत की भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त खरोखर असतं. कॅल्व्हिनपंथी म्हणत की ते विश्वासाने, आत्म्याच्या पातळीवर मिळतं. या एका मुद्द्यावर प्राध्यापकांच्या नोकऱ्या जात. नील्स हेमिंगसेन हा डेन्मार्कचा सगळ्यात मोठा धर्मशास्त्री, त्याला १५७९ मध्ये कोपनहेगनच्या विद्यापीठातून याच कारणावरून काढलं गेलं. पण त्याला काढणारा फ्रेडरिक दुसरा स्वतः कट्टर नव्हता. जर्मन लुथरपंथीयांनी आपली कडक मतं एका ग्रंथात बांधली आणि फ्रेडरिकच्या सॅक्सनीतल्या बहिणीने त्याला त्या ग्रंथाच्या सुंदर बांधणीच्या प्रती पाठवल्या, तेव्हा त्याने त्या शेकोटीत टाकल्या आणि राज्यात ग्रंथावर बंदी घातली. त्याला प्रॉटेस्टंट राज्यांत फूट नको होती. त्या धोरणामुळेच स्कॉटलंडशी सोयरीक शक्य झाली. ॲनाबरोबर योहानेस सेरिंग हा लुथरपंथी धर्मगुरू गेला, आणि कागदोपत्री सगळं सुरळीत झालं.

आता प्रतिनिधीमार्फत लागणाऱ्या लग्नाबद्दल. आज ते विचित्र वाटतं, पण त्यात पक्की सोय होती. नवरी अविवाहित मुलगी म्हणून समुद्रापार गेली आणि तिकडे कुणी शब्द फिरवला, तर तिची अब्रू आणि हुंडा दोन्ही बुडे. म्हणून तिने राणी होऊनच जहाजावर चढायचं. वकिलाकडे राजाचं सही-शिक्क्याचं अधिकारपत्र हवं, त्यात वधूचं नाव हवं, आणि शब्द वर्तमानकाळाचे हवेत. ‘स्वीकारीन’ म्हटलं तर तो नुसता वाङ्‌निश्चय, ‘स्वीकारतो’ म्हटलं तर लग्न. २० ऑगस्टला क्रोनबोर्गमध्ये अर्ल मारिशलने राजाच्या वतीने शब्द उच्चारले आणि मग सजवलेल्या पलंगावर ॲनाच्या शेजारी बसला, सगळ्यांच्या देखत. पलंगावर बसण्याला अर्थ होता. लग्न पूर्ण झाल्याची ती खूण होती, आणि पाहणारे सगळे साक्षीदार होते. ॲना तेव्हा चौदा वर्षांची होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेडर मुंकच्या हाताखाली ताफा निघाला. ॲना ‘गिडिऑन’ या जहाजावर होती.

हा ऋतू चुकीचा का, ते नकाशा पाहून कळतं. डेन्मार्कहून स्कॉटलंड पश्चिमेला आहे, आणि उत्तर समुद्रावर शरद ऋतूत वारा बहुतेक पश्चिमेकडूनच येतो. आडव्या काठ्यांवर चौकोनी शिडं असलेलं तेव्हाचं जहाज वाऱ्याच्या दिशेला साठ-सत्तर अंशांहून जवळ जाऊ शकत नसे. म्हणजे पश्चिमेला जायचं तर कधी वायव्येला, कधी नैऋत्येला असं नागमोडी जावं लागे, आणि प्रत्येक वळणात जहाज वाऱ्याच्या रेट्याने थोडं मागे सरके. त्यात लाटा बाजूने आपटत. लाकडी जहाजाचं अंग फळ्यांनी बनलेलं, आणि फळ्यांच्या सांध्यांत जुन्या दोरखंडाचे पिंजलेले धागे डांबरात भिजवून ठासलेले. लाटांनी जहाज पिळवटलं की सांधे हलतात, ठासण सुटते आणि पाणी आत येतं. वर जड तोफा असल्या की पिळवट वाढते. बंदरात भक्कम दिसणारी जुनी ठासण समुद्रात आठवड्याभरात सुटते, म्हणून लांबच्या प्रवासाआधी ती काढून नव्याने भरावी लागते. हे काम वेळखाऊ आणि खर्चिक. ज्या ताफ्याची तयारी कराराच्या सहीची वाट पाहत घाईने झाली, त्यात ते नीट झालं नसणार, असा संशय पुढे खुद्द दर्यासारंगानेच घेतला.

निघतानाच अपशकुन झाला. सलामी देताना तोफ फुटून गोलंदाज मेले. मग वादळ लागलं, जहाजं पांगली, गिडिऑनला गळती लागली. नॉर्वेच्या किनाऱ्याला लागून दुरुस्ती केली, पुन्हा निघाले, पुन्हा गळती. असं होत होत ऑक्टोबर उजाडला आणि मुंकने ठरवलं की राणीला यंदा स्कॉटलंडला नेणं शक्य नाही. ती किनाऱ्याकिनाऱ्याने ऑस्लोकडे निघाली. त्याच सप्टेंबरात लीथसमोरच्या फोर्थच्या खाडीतही वादळ झालं आणि लीथकडे येणारी एक बोट बुडाली. तिच्यात जेन केनेडी होती. मेरी राणीच्या शिरच्छेदाच्या वेळी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधणारी हीच बाई, आणि नव्या राणीच्या घरकारभारासाठी जेम्सने तिलाच बोलावलं होतं.

जेम्स लीथजवळ बसून समुद्राकडे डोळे लावून होता. राज्यात उपास आणि प्रार्थना जाहीर झाल्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ॲनाची पत्रं आली आणि त्याने स्वतः जायचं ठरवलं, मंत्रिमंडळाला न विचारता. निघण्याआधी त्याने एक जाहीरनामा लिहून ठेवला. मी एकटा आहे, माझ्या या एकटेपणामुळे मी दुबळा आणि माझे शत्रू बलवान झाले आहेत, हा निर्णय माझाच आहे आणि त्यासाठी मेटलंडला दोष देऊ नये. कारभार पंधरा वर्षांच्या ड्यूक ऑफ लेनॉक्सच्या नावाने ठेवला, आणि खोड्या करण्यात सगळ्यांत पुढे असणाऱ्या अर्ल ऑफ बॉथवेलला त्याच्या जोडीला बसवलं. गंमत अशी की राज्य त्या सहा महिन्यांत कधी नव्हे इतकं शांत राहिलं. २२ ऑक्टोबरला जेम्स निघाला आणि २८ ला नॉर्वेच्या फ्लेकफ्योर्डला लागला. सहा दिवस. ॲनाच्या ताफ्याला महिनाभरात जमलं नाही ते सहा दिवसांत झालं, कारण तो पूर्वेला चालला होता आणि वारा पाठीशी होता.

१९ नोव्हेंबरला तो ऑस्लोला पोचला, पायातल्या प्रवासी बुटांसकट सरळ तिच्या दालनात गेला आणि स्कॉटलंडच्या रिवाजाने चुंबन घ्यायला पुढे झाला. तिने नकार दिला, आमच्याकडे असा रिवाज नाही. मग दोघांत कुजबुजत काही बोलणं झालं आणि चुंबनही झालं, असं डेव्हिड मॉयसी हा दरबारी कारकून लिहितो. २३ तारखेला बिशपच्या जुन्या वाड्यात पुन्हा लग्न लागलं. लीथचा धर्मगुरू डेव्हिड लिंडसे याने ते फ्रेंचमध्ये लावलं, कारण नवरा-नवरीला समान कळणारी भाषा तीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जेम्सने डनफर्मलिनच्या मठाच्या जमिनी तिच्या नावे लिहून दिल्या.

परतीचा समुद्र हिवाळ्यात कुणी धरणार नव्हतं. म्हणून मंडळी बर्फातून घसरगाड्यांनी दक्षिणेला निघाली, स्वीडनच्या हद्दीतला पट्टा परवानगीने ओलांडला आणि २१ जानेवारी १५९० रोजी क्रोनबोर्गला पोचली. (या सगळ्या तारखा ज्युलियन पंचांगाच्या. कॅथलिक देश १५८२ पासून दहा दिवस पुढे गेले होते, पण डेन्मार्क आणि स्कॉटलंड दोघंही जुन्या पंचांगावर होते, त्यामुळे निदान तारखांवरून घोळ झाला नाही.) ते दोन-तीन महिने जेम्सच्या आयुष्यातले सुखाचे असावेत. रोस्किल्डला त्याने म्हाताऱ्या हेमिंगसेनशी दैवनियोजनावर (मोक्ष कुणाला हे देवाने आधीच ठरवलेलं असतं, या मतावर) चर्चा केली, म्हणजे ज्याला अर्धवट कॅल्व्हिनपंथी ठरवून काढलं होतं त्यालाच मुद्दाम भेटला. २० मार्चला व्हेन बेटावर खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या वेधशाळेत गेला आणि तिथल्या भिंतीवर त्याला त्याचा स्वतःचा कडक गुरू जॉर्ज ब्युकॅनन याची तसबीर दिसली. एप्रिलमध्ये मेहुणीचं लग्न आटोपून २१ तारखेला ताफा निघाला, आणि दहा दिवसांत, काही न बिघडता, लीथला लागला. हा वसंतातला प्रवास आहे. मागच्या वर्षीचा करार दोन-तीन महिने आधी उरकला असता, तर ॲनाही अशीच आली असती.

धर्माचं कलम कागदावर जितकं सोपं होतं तितकं राज्याभिषेकाच्या वेळी राहिलं नाही. जेम्सला राणीचा अभिषेक तेलाने हवा होता. स्कॉटिश धर्मगुरूंना तेल म्हणजे कॅथलिक अवशेष वाटे, शिवाय दिवस रविवारचा. वाद बरेच दिवस चालला. अखेर जेम्सने सांगितलं की तुम्हाला जमत नसेल तर मी बिशप येईपर्यंत थांबतो. बिशपांना तो ते काम देणार, या भीतीने धर्मगुरू नमले. १७ मे रोजी होलीरूडच्या मठात काउंटेस ऑफ मार हिने राणीच्या झग्याची उजवी बाजू सैल करून खांदा उघडा केला आणि रॉबर्ट ब्रूस या धर्मगुरूने त्यावर तेल ओतलं. सोहळा सात तास चालला. मधे अँड्र्यू मेलव्हिलने आपलं लांबलचक लॅटिन काव्यही म्हटलं. डॅनिश पाहुण्यांना यातलं काहीच खटकलं नाही. तेलाची त्यांना सवयच होती.

त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याच महिन्यात मुंक आणि त्याचे सोबती राणीच्या जमिनी पाहायला निघाले. स्कॉटलंडच्या कायद्यात नुसता कागद पुरत नसे, ताबा जागेवर जाऊन घ्यावा लागे. फॉकलंडला राजवाड्याच्या रखवालदाराने मुंकच्या हातात त्या जागेची मूठभर माती आणि दगड ठेवले, आणि त्या क्षणापासून ती जमीन राणीची झाली. लिनलिथगो आणि डनफर्मलिनला तेच. उत्पन्नाचे आकडे मात्र त्यांना समाधानकारक वाटले नाहीत. डनफर्मलिनच्या मठाच्या जमिनी आधीच वेगवेगळ्या सरदारांच्या हातात गेल्या होत्या आणि त्यांतला मसलबराचा तुकडा खुद्द चान्सलर मेटलंडकडे होता. लिहून दिलं होतं संपूर्ण डनफर्मलिन, हातात पडलं उरलेलं डनफर्मलिन. ॲना तेव्हा पंधराची होती, पण तिने हा मुद्दा सोडला नाही. १५९३ मध्ये भावाच्या दरबारातून नील्स क्राग आणि स्टेन बिले पुन्हा आले ते याच कामासाठी. संसदेने तिचे हक्क कायम केले आणि मेटलंडला काही काळ दरबारापासून दूर राहावं लागलं. तिच्या धर्माच्या कलमाचाही पुढे वेगळाच उपयोग झाला. ती हळूहळू कॅथलिक मताकडे झुकली, आणि १६०३ मध्ये इंग्लंडच्या राज्याभिषेकात तिने अँग्लिकन पद्धतीचं प्रभूभोजन घ्यायला नकार दिला. हुंड्याचं सांगायचं तर त्यातली मोठी रक्कम जेम्सने एडिनबरा आणि इतर शहरांकडे व्याजाने ठेवली होती. १५९४ मध्ये पहिल्या मुलाच्या, हेन्रीच्या, बाप्तिस्म्याच्या थाटात तिचा बराच भाग संपला.

राहिला वादळाचा हिशेब. तो कोपनहेगनमध्ये मागितला गेला. मुंकने खजिनदार वाल्केनडोर्फवर ठपका ठेवला की राणीच्या ताफ्याची डागडुजी आणि सामग्री नीट पुरवली नाही. आरोप गंभीर होता आणि सरळ जमाखर्चाच्या वहीतून तपासता आला असता. वाल्केनडोर्फचं उत्तर असं की जहाजं ठीक होती, वादळ चेटकिणींनी उठवलं. १५९० च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये बायकांना पकडलं गेलं. करेन नावाच्या विणकरणीने कबुली दिली की सैतान रिकाम्या पिंपांत बसून जहाजांच्या तळाशी चढले. अ‍ॅना कोल्डिंग्स नावाच्या बाईकडून छळाखाली आणखी नावं काढून घेतली गेली आणि तिला जाळलं. तिच्यामागून आणखीही बायका गेल्या.

ही बातमी स्कॉटलंडला पोचली तेव्हा ट्रॅनेंट गावात डेव्हिड सीटन नावाच्या अधिकाऱ्याने आपल्या मोलकरणीला, गीलिस डंकनला, छळून बोलतं करायला सुरुवात केली होती. तिने घेतलेल्या नावांत हॅडिंग्टनजवळची सुईण आणि वैदू ॲग्नेस सॅम्पसन होती. तिला होलीरूडला राजासमोर आणलं, झोपू दिलं नाही, अंगावरचे केस काढून सैतानाची खूण शोधली. सुरुवातीला ती सगळं नाकारत होती. मग तिने मांजराचा बाप्तिस्मा करून त्याला लीथजवळ समुद्रात टाकल्याचं कबूल केलं. जेन केनेडीची बोट त्यामुळे बुडाली आणि राजाच्या जहाजाला उलटा वारा त्यामुळे लागला, असं तिच्या तोंडून वदवून घेतलं. जेम्सचा आधी विश्वास बसेना. मग तिने त्याला बाजूला घेऊन ऑस्लोला लग्नाच्या पहिल्या रात्री त्याच्यात आणि ॲनात झालेलं बोलणं सांगितलं, असं तेव्हाच्या छापील पत्रकात आहे, आणि तिथून तो खटल्यांत स्वतः उतरला. तिच्यावर ५३ आरोप ठेवले गेले. २८ जानेवारी १५९१ रोजी एडिनबराच्या किल्ल्याच्या टेकडीवर तिचा गळा आवळून तिला जाळण्यात आलं.

मे महिन्यात चेटकाचाच आरोप असलेल्या बार्बरा नेपियर हिच्या खटल्यात ज्यूरीने तिला सगळ्यात गंभीर आरोपातून सोडलं, तेव्हा जेम्सने ज्यूरीवरच चुकीचा निकाल दिल्याचा खटला भरला आणि ७ जूनला टोलबूथ या न्यायालयाच्या इमारतीत स्वतः उभं राहून भाषण केलं. ज्यूरीने चूक कबूल केली आणि राजाच्या पायाशी क्षमा मागितली.

गिडिऑनच्या सांध्यांत ठासण नीट भरली होती का, हा प्रश्न डेन्मार्कच्या दरबारात पुढे कुणी लावून धरला नाही. १५९६ मध्ये सज्ञान झालेल्या क्रिस्तियान चौथ्याने कारभार हाती घेतला, तेव्हा क्रिस्तोफर वाल्केनडोर्फला राज्याचा मुख्य कारभारी केलं गेलं. सरदारांना मिळू शकणारं ते सगळ्यात मोठं पद होतं, आणि १६०१ मध्ये मरेपर्यंत ते त्याच्याकडे राहिलं.